रेस दाबली की बसणारी मशीन भंगारात घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळ्यात तोडणीला येणारी फळं) उतरला की आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात सल काढायचं काम निघतं. झाडावरच्या वाळक्या फांद्या कापायच्या आणि कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायची. पूर्वी हे कुऱ्हाडीवर आणि हातकरवतीवर चालायचं, आता बऱ्याच घरी पेट्रोलवरची करवत आली आहे. कुणी तिला चेनसॉ म्हणतं, कुणी कटर मशीन. मी फवारणी पंप, ग्रासकटर आणि या करवती दुरुस्त करतो. सलीच्या दिवसांत दुकानापुढे मशिनी येऊन पडतात आणि त्यातल्या निम्म्याअधिक मशिनींचं गाऱ्हाणं एकच असतं: "मिस्त्री, स्लोवर मस्त चालते, पण रेस दाबली का बसते."

आपल्या शेतीच्या पानावर बियाणं, फवारणी, बाजारभाव सगळं येतं. अवजार बंद पडलं तर काय करावं, हे मात्र क्वचितच वाचायला मिळतं. म्हणून हे पत्र, जरा लांबलेलं. सांगायचं एवढंच आहे की या दोषात बहुतेक वेळा इंजिन गेलेलं नसतं, मशीन उपाशी असते, म्हणजे तिला पेट्रोल पुरत नसतं. आणि आपले लोक पहिलं काम करतात ते कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचं. त्याने चाळीस-पन्नास रुपयांचा दोष बोर-पिस्टनवर जातो.

"स्लोवर चालते म्हणजे कार्बोरेटर चांगला" असं समजणारे मिस्त्रीही भेटतात, म्हणून आत काय आहे ते थोडं सांगतो. मोटरसायकलच्या कार्बोरेटरला खाली वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठतं आणि फ्लोट वर-खाली होतो. करवतीला वाटी चालत नाही, कारण ती आडवी, उभी, उलटी कशीही धरावी लागते. तिच्यात दोन पातळ पडदे असतात. क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीत, दाब कमी-जास्त होतो, त्यावर एक पडदा थरथरतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा एक छोटी सुई उघडतो-मिटतो आणि लागेल तेवढंच पेट्रोल आत सोडतो. तिथून पुढे दोन वाटा फुटतात. स्लोचं पेट्रोल बटरफ्लायजवळच्या (रेस दाबली की उघडणाऱ्या झडपेजवळच्या) बारीक छिद्रांतून जातं, फुल रेसचं मधल्या नोझलमधून. स्लोवर इंजिन मिनिटाला २७०० ते ३००० फेरे घेतं, फुल रेसवर १०-१२ हजार, काही मशिनी त्याच्याही वर जातात. ठिबकचा फिल्टर अर्धा चोंदला तर जवळच्या झाडांना पाणी मिळतं आणि शेवटच्या ओळी वाळतात, तसा हा प्रकार. अर्ध्या चोंदलेल्या फिल्टरमधूनही स्लोपुरतं पेट्रोल येतं. फुल रेस मागितली की उणीव उघडी पडते.

पण त्याआधी चेनचा ब्रेक पाहा. हसू नका. पुढच्या हँडलजवळचं ते काळं पातं पुढे ढकललेलं असलं की चेन जाम असते. स्लोवर क्लच पकडत नाही, त्यामुळे मशीन खुशाल चालते. रेस दिली की क्लच पकडायला जातो, ब्रेक सोडत नाही आणि मशीन बसते. माणूस आणखी दाबतो, धूर निघतो, क्लच जळतो. नवी मशीन घरी नेऊन दुसऱ्या दिवशी "खराब निघाली" म्हणून परत आणणाऱ्यांत हे गिऱ्हाईक हमखास असतं. चेन नको तेवढी ताणलेली असणं आणि बारचं (चेन ज्यावर फिरते त्या पट्टीचं) ऑइल संपून बार सुकणं हेही त्याच जातीचं. पातं मागे ओढा, मशीन बंद असताना हातमोजा घालून चेन हाताने फिरते का ते बघा, मग पुढे बोलू.

आता मशीन नेमकी कधी बसते, त्याकडे लक्ष द्या. मोकळी असताना फुल रेस छान घेते आणि लाकडात घातली की दबते, असं असेल तर आधी चेन पाहा. धार असलेली चेन लाकडाच्या बारीक ढलप्या टाकते, बोथट चेन पिठासारखा भुगा काढते. बाभळीच्या आणि संत्र्याच्या वाळल्या खोडात बोथट चेन घालून इंजिनाला शिव्या देणारे मी रोज पाहतो. झटक्यात रेस दिली की अडखळते आणि हळूहळू दिली की चढते, असं असेल तर स्लोच्या वाटेतच पेट्रोल कमी पडतंय. आणि मोकळी असतानाच फुल रेसवर चढते, दोन-चार सेकंद किंचाळते आणि बसते, असं असेल तर ती उपासमार. या पत्राचा विषय मुख्यतः हीच.

इथे एक साधी परीक्षा आहे, पैसे लागत नाहीत. ज्या मशीनला चोकचा खटका वेगळा आहे, तिच्यावर फुल रेसला मशीन बसायला लागली की क्षणभर चोक अर्धा ओढा. (हे करताना चेन पूर्ण वेगात फिरत असते. मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरायची, समोर माणूस नको, पोरं तर अंगणातच नकोत. खटका दुसऱ्याने ओढायचा, तोही बाजूला उभं राहून.) चोक ओढल्यावर मशीनने उचल खाल्ली तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. चोक ओढल्यावर आणखीच दबली, काळा धूर सोडला, तर पेट्रोल भरपूर आहे, हवा किंवा धुराची वाट बंद आहे. प्लगही हेच सांगतो: पांढरट, राखाडी असेल तर पेट्रोल कमी, ओला काळा असेल तर जास्त, तपकिरी असेल तर बरोबर.

पेट्रोल कमी पडतंय असं ठरलं, तर टाकीपासून सुरुवात करा, कार्बोरेटरपासून नाही. पहिलं, टाकीचा श्वास. पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणात किंवा टाकीला बारीक छिद्र असतं. भुगा आणि ऑइल मिळून ते बुजतं. अशी मशीन सुरू केल्यावर काही मिनिटं झकास चालते, मग बसते, थोडं थांबलं की पुन्हा चालते. लोक म्हणतात, "गरम झाली का बसते." मशीन बंद करून झाकण सैल करा. हवा आत जाताना सूं असा आवाज आला आणि नंतर मशीन नीट चालली, तर दोष सापडला. छिद्र साफ करायला पाच मिनिटं लागतात.

दुसरं, टाकीतला फिल्टर. तारेचा आकडा करून नळीसकट बाहेर काढा. काळा, चिकट झालेला फिल्टर धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नका, नवा टाका. फुंकून पाहिलं आणि हवा जाते म्हणून तो चांगला, असं होत नाही. हवा जाते तिथून पेट्रोल पुरेसं जाईलच असं नाही.

तिसरी नळी, आणि माझ्या मते अर्धं दुखणं इथेच. टाकीत शिरते त्या जागी नळीला केसाएवढी चीर पडते आणि पेट्रोलबरोबर हवा ओढली जाते. किंवा नळी आतून फुगून मऊ पडते आणि ओढ वाढली की चपटी होते. बाहेरून पाहिलं तर धडधाकट. बोटांत धरून वाकवा, ताणा. कडक, फुटकी किंवा लोण्यासारखी मऊ लागली तर फेका.

या तिन्हींनंतर कार्बोरेटर. वरच्या झाकणाखाली, पेट्रोल आत येतं तिथे, नखाएवढी जाळी असते. बऱ्याच मिस्त्रींना ती जाळी आहे हेच ठाऊक नसतं, कारण मोटरसायकलला ती तिथे नसते. नळीतून सुटलेले रबराचे कण तिथेच अडकतात. मग पडदे. नवा पडदा हातात घेतला की लुळा असतो. जुना कागदासारखा कडक होतो, हलवला की वाजतो. कडक पडदा स्लोपुरता हलतो, फुल रेसला पुरा हलत नाही. पडदे-गास्केटचं किट मिळतं, ते पूर्ण बदलावं. एक हात जोडून विनंती: कार्बोरेटर जोडलेला असताना त्यात कॉम्प्रेसरची हवा मारू नका आणि छिद्रांत तार घालू नका. गाडीच्या गॅरेजात हेच होतं. पडदा फाटतो, आतला बारीक व्हॉल्व्ह उडतो, आणि जो कार्बोरेटर नुसता घाण होता तो कायमचा निकामी होतो.

परीक्षेत हवा किंवा धूर अडतोय असं निघालं, तर काम आणखी सोपं आहे. एअर फिल्टर काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, मग बसवा. बाहेरून आत हवा मारली तर भुगा कापडातच रुतून बसतो. आणि सायलेन्सर. त्याच्या तोंडाशी ठिणगी अडवायची एक जाळी असते, तिच्यावर काजळी साचते. स्लोवर धूर थोडा, तो निघून जातो. फुल रेसवर त्याला वाटच मिळत नाही. ऑइल जास्त घालणाऱ्यांच्या, आणि गप्पा मारत मशीन स्लोवर सोडून देणाऱ्यांच्या मशिनीत ही जाळी डांबरासारखी भरते. काढून पितळी ब्रशने घासली की झालं. जाळी कायमची काढून टाकायचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नका. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे धुऱ्यावरचं गवत नुसत्या ठिणगीची वाट पाहत असतं.

सायलेन्सर काढलाच आहे तर त्या तोंडातून आत पिस्टन दिसतो, तो पाहून घ्या. गुळगुळीत असेल तर निश्चिंत राहा. उभे ओरखडे दिसले तर पुढचा सगळा खर्च वेगळा.

आता त्या स्क्रूबद्दल. बहुतेक करवतींवर तीन असतात: एल स्लोचा, एच फुल रेसचा, आणि तिसरा नुसता रेस कमी-जास्त करायचा. एच बाहेर फिरवला की पेट्रोल वाढतं, आत फिरवला की कमी होतं. काही महागड्या मशिनींत हे स्क्रूच नसतात, ते काम यंत्र स्वतः करतं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून एकाने एच आत फिरवला. मशीन एकदम चढ्या आवाजात ओरडायला लागली, त्याला वाटलं ताकद आली. संध्याकाळपर्यंत पिस्टन जाम. कारण सरळ आहे. या इंजिनाला ऑइल वेगळं मिळत नाही, ते पेट्रोलबरोबरच जातं. पेट्रोल कमी केलं म्हणजे वंगणही कमी केलं आणि वरून उष्णता वाढवली. उलट काही जण चोंदलेल्या फिल्टरवर उपाय म्हणून एच बाहेर काढत राहतात. त्याने चार दिवस निभावतं. मग कुणीतरी फिल्टर बदलतो आणि मशीन धुराचा लोट सोडते. फिल्टर, नळी, जाळी, पडदे, सायलेन्सर सगळं पाहून झाल्यावर शेवटी स्क्रू, तोही पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांवर आणून तिथून थोडा थोडा. बरोबर लागलेली मशीन मोकळ्या फुल रेसवर जराशी फडफडते आणि लाकडात घातली की आवाज स्वच्छ होतो. मोकळी असताना शिटीसारखा स्वच्छ आवाज आला की खूश होऊ नका, एच थोडा बाहेर घ्या.

एवढं करूनही बसत असेल तर क्रँकची सील, कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी जोड, इग्निशन कॉइल, कमी झालेलं कॉम्प्रेशन ही कारणं उरतात. ती घरी शोधण्यात अर्थ नाही.

पेट्रोलवर थोडं बोललंच पाहिजे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं आणि आता सगळीकडे तेच आहे. उसाला, मक्याला त्यातून भाव मिळत असेल तर आनंदच आहे. पण करवतीच्या अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते, आणि ती पुस्तिका आपल्यापर्यंत वाचण्याजोग्या भाषेत पोहोचत नाही. इथेनॉलमुळे दोन गोष्टी होतात. ते जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्याच सेटिंगवर इंजिनाला पेट्रोल कमी पडल्यासारखं होतं. आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. आषाढ-श्रावणात अर्धी भरलेली कॅन ठेवली की पाणी धरतं, आणि पाणी फार झालं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. करवतीचा फिल्टर टाकीच्या तळाशीच लोळतो. शंका असेल तर काचेच्या पारदर्शक बाटलीत थोडं ओतून तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल करवतीत घालू नका. जुन्या नळ्या आणि पडदे अशा पेट्रोलमध्ये लवकर खराब होतात, हे मी दुकानात पाहतोच आहे.

ऑइलही अंदाजपंचे घालू नका. पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. बाटलीच्या बुचाने मोजणारे, "जास्त घातलं तर काय बिघडते" म्हणणारे आणि मोटरसायकलचं २०-डब्ल्यू-४० इंजिन ऑइल ओतणारे, तिघांचाही सायलेन्सर मीच खरवडतो. मिसळलेलं पेट्रोल महिन्याच्या आत संपवावं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत भरून गोठ्याच्या पत्र्याखाली ठेवलेलं तर त्याआधीच टाकून द्यावं, वापरू नये. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली काय होत असेल विचार करा.

संपादक महोदय, शेजारच्या एका गावात पावसाळ्याच्या तोंडावर वादळात कडुनिंब रस्त्यावर आडवा पडला. ग्रामपंचायतीकडे करवत होती, बऱ्यापैकी नवी, पण वर्षभर कपाटात पेट्रोलसकट ठेवलेली. ओढली, सुरू झाली, स्लोवर छान चालली, खोडाला लावली की बसली. रस्ता कुऱ्हाडीने मोकळा करावा लागला, त्यात रुग्णाला घेऊन निघालेली गाडी अडकली होती. नंतर ती मशीन माझ्याकडे आली. कार्बोरेटरमधली जाळी डिंकासारख्या चिकट थराने बंद, पडदा कडक. बाकी सगळं कोरं होतं. ठेवताना टाकी रिकामी करून, उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत स्लोवर चालवून बंद केली असती, तर असं झालं नसतं.

विक्रेत्यांकडे माझं मागणं साधं आहे. मशीन देताना मराठीत छापलेला एक कागद द्या: ब्रेक कुठे, ऑइल किती, फिल्टर कसा काढायचा. सोबत जादा एक फिल्टर, हातभर नळी, पडद्याचं किट आणि मोजमापाचा प्याला द्या, त्याचे पैसे घ्या पण द्या. आज एखाद्या मशिनीचं किट मागायला जावं तर "पूर्ण कार्बोरेटरच घ्या" असं उत्तर मिळतं, कारण त्यात नफा जास्त.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकवली जाते, नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. सल कशी काढावी याची माहिती अशा संस्थांकडून मिळते. ज्या मशीनने सल काढायची तिचं अर्ध्या दिवसाचं प्रात्यक्षिकही कृषी विज्ञान केंद्रांतून लावता येईल. तालुक्याच्या आयटीआयमधली पोरं त्यात शिकली तर त्यांना गावातच काम मिळेल. मोटरसायकलचे मिस्त्री आमच्याकडे रग्गड आहेत, करवत उघडणारे बोटांवर मोजण्याइतके.

आणि आपल्या पेपरकडे एक विनंती. मे महिन्यात, वादळं सुरू व्हायच्या आधी, गावोगावच्या ग्रामपंचायतींनी आपापली करवत एकदा काढून ताज्या पेट्रोलवर फुल रेसला चालवून पाहावी, अशी चौकट पहिल्या पानावर छापा. लाकडाचा ओंडका कापून पाहावा, नुसती स्लोवर चालवून "चालू स्थितीत" असा शेरा मारू नये.

आपला,
एक दुरुस्ती मिस्त्री,
ता. वरुड, जि. अमरावती

(नाव छापू नये. स्पेअर मला त्याच विक्रेत्यांकडून आणावे लागतात.)